उंचीचं कौतुक पुरे, आता मापाचं बोलू

कुणाच्या वजनावर, रंगावर किंवा टकलावर तोंडावर बोलणं आपल्याकडे असभ्य समजलं जातं. लोक बोलतात, पण निदान पाठीमागे बोलतात. उंचीला मात्र ही सवलत नाही. उंच माणूस दिसला की रस्त्यावरचा अनोळखी माणूसही थांबून विचारतो, ‘किती उंची हो तुमची?’ यात त्याला वावगं काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तो कौतुकच करत असतो. आणि कौतुकाला तक्रारीने उत्तर देता येत नाही. म्हणूनच उंच माणसाच्या रोजच्या अडचणींवर आपल्याकडे कुणी गांभीर्याने लिहीत नाही. मी लिहितोय, कारण गेली वीस वर्षं मी शाळेत शिकवतोय. या विषयाचं एक टोक माझ्या गुडघ्यांत असलं, तरी दुसरं टोक वर्गातल्या शेवटच्या बाकावर आहे.

माझी उंची सहा फूट चार इंच, म्हणजे १९३ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाच फूट पाच इंच. हिशेब केला तर मी सरासरी माणसापेक्षा जवळजवळ फूटभर वर आहे. हा फूटभर फरक लोकांना देणगी वाटतो. मला तो दिवसातून वीस-पंचवीस वेळा मोजून द्यावा लागतो.

आधी भाषेचं बघू, कारण मी भाषेचा मास्तर आहे. उर्दूत कद आणि कामत हे शब्द कौतुकाचे. बुलंद म्हणजे उंचही आणि थोरही. मराठीत तर ‘उंची’ हा शब्द महागाच्या अर्थाने वापरतात: उंची कापड, उंची अत्तर. एवढा मान देऊन झाला की हीच भाषा उलटते. ‘ताडमाड वाढलाय नुसता’, ‘अक्कल गुडघ्यात’, एरंड कितीही वाढला तरी त्याचा ऊस होत नाही अशा अर्थाची म्हण. कबीरांचा खजुराच्या झाडाचा दोहा तर मला निदान शंभर जणांनी ऐकवला असेल. आमच्याकडचे बुजुर्ग हसत हसत आणखी एक म्हण सांगायचे, की हर लंबा आदमी अहमक होता है, सिवाय हजरत उमर के. हजरत उमर (रजि.) अतिशय उंच होते असं परंपरेत सांगितलं जातं, म्हणून तेवढी एक सूट. बाकी आम्ही सगळे अहमक! आणि नांदेडच्या देगलूर नाक्यावर आजही एखादा ओळखीचा हटकतोच, ‘क्यौं मास्तर, उप्पर की हवा कैसी है?’ वीस वर्षांत या प्रश्नाचं नवं उत्तर मला सापडलेलं नाही. ‘हौ, अच्छी है,’ म्हणतो आणि पुढे जातो.

चेष्टेचं दुःख मोठं नाही. वस्तू चेष्टा करत नाहीत, त्या सरळ लागतात. लातूर जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांची दारं बुटकी असतात. तिथे पाहुणा म्हणून गेलं की आत जाताना वाकायचं लक्षात राहतं, बाहेर येताना बोलण्याच्या नादात राहत नाही. शहरातल्या नव्या घरांत सात फुटी दार असतं, तिथे डोकं वाचतं. पण न्हाणीघराचं दार हमखास आखूड निघतं. तिथला आरसा सरासरी माणसाच्या डोळ्यांसमोर लावलेला असतो, त्यात मला माझी छाती दिसते. दाढी करायची तर गुडघे वाकवून उभं राहायचं. बेसिनवर तोंड धुवायचं तर कमरेतून वाकायचं. स्वयंपाकाचा ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो; त्यावर अर्धा तास कांदा चिरला की पाठ बोलायला लागते. एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. पण दिवसाला पन्नास वेळा वाकणारा माणूस चाळिशीनंतर पाठीचा पट्टा बांधूनच फिरतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

छताचा पंखा ही यातली खरी धोक्याची वस्तू. नऊ फुटांच्या छताला फूटभर दांडी लावून पंखा टांगला की पाती आठ फुटांवर येतात. माझा हात वर केला की बोटं आठ फूट तीन इंचांपर्यंत पोहोचतात. घाईत कुर्ता डोक्यावरून काढणं ही माझ्यासाठी जोखीम आहे. पत्र्याच्या खोलीत छत याहून खाली असतं आणि आपल्याकडे हजारो कुटुंबं पत्र्याच्या खोलीत राहतात. तिथला एखादा पोरगा सहा फुटांच्या वर गेला की आईने त्याला सांगायचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘पंखा बंद कर आणि मग कपडे बदल.’

प्रवासाचं तर विचारूच नका. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायला बसने तीन-साडेतीन तास लागतात. बसल्यावर माझ्या पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर सव्वीस इंच भरतं. पुढच्या आसनाची पाठ त्याच्या आत येते. मग एक तर गुडघे तिरपे करून शेजाऱ्याची जागा घ्यायची, नाहीतर पाय वाटेत काढायचे आणि दर थांब्यावर ‘पाय आत घ्या हो’ ऐकायचं. पुढचा प्रवासी आसन मागे रेलू लागला की त्याला वाटतं आसन बिघडलंय. प्रत्यक्षात त्याची पाठ माझ्या गुडघ्यांवर टेकलेली असते. ऑटोत डोकं छताला, काळी-पिवळीत मान खांद्यात. स्लीपर डब्यातला बर्थ साधारण सहा फुटांचा, म्हणून उंच माणसाचे पाय वाटेत येतात आणि रात्रभर येणारा-जाणारा त्यांना धडकतो. बाजूचा बर्थ तर दोन्हीकडून बंद, तिथे अंगाची घडी करूनच झोपावं लागतं.

कपड्या-चपलांची गंमत वेगळी. बाजारातली तयार पँट माझ्या घोट्याच्या वर संपते. बाही मनगटाच्या अलीकडे थांबते. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, चपलांच्या दुकानात दहा नंबर संपला की दुकानदार हात जोडतो. माझा नंबर बारा. म्हणून जो कुणी मुंबईला, हैदराबादला किंवा आखातात जाईल त्याच्याकडे पायाचं माप कागदावर काढून द्यायचं. ईदच्या कुर्ता-पायजम्याला इतरांपेक्षा मीटरभर कापड जास्त लागतं. ते एक वेळ चालेल, कारण शिंपी निदान माप तरी घेतो. मशिदीत सफची रुंदी चार फुटांच्या आसपास आखलेली असते. सजद्यात गेलं की माझं डोकं पुढच्या भावाच्या टाचांना लागतं, म्हणून मी स्वतःला आवळून घेतो. विचार केला तर असं दिसतं की जगात दोनच माणसं आधी माप घेऊन मग कामाला लागतात: एक शिंपी आणि दुसरा कबर खोदणारा. बाकी सगळं आधीच बनून तयार असतं आणि त्यात बसायची जबाबदारी आपली असते.

इथे मला मूळ मुद्द्याला हात घालायचा आहे. हे ‘आधीच बनून तयार’ कुणाच्या मापाने बनतं? उत्तर सोपं वाटतं: सरासरी माणसाच्या. पण हा सरासरी माणूस राहतो कुठे? १९५० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. विमानांच्या कॉकपिटची मापं वैमानिकांच्या सरासरीवरून काढलेली होती, तरी अपघात थांबत नव्हते. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने चार हजारांवर वैमानिकांची मोजमापं तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं घेतली आणि पाहिलं की या दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती जण आहेत. ४,०६३ जणांत असा एकही निघाला नाही. सरासरीसाठी बनवलेलं कॉकपिट खरं तर कुणासाठीच बनवलेलं नव्हतं. त्यातून पुढे-मागे सरकणारी आसनं आणि मापाप्रमाणे बदलणारे पट्टे आले. आज आपण मोटारीचं आसन पुढे-मागे सरकवतो, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं. तिथल्या पुरुषांची सरासरी उंची १८२.५ सेंटिमीटर भरली, जगात सर्वांत जास्त. त्यांनी काय केलं? लोकांना वाकायला शिकवलं नाही. २००३ च्या बांधकाम नियमावलीत नव्या घरांच्या दाराची किमान उंची २.१ वरून २.३ मीटर आणि छताची २.४ वरून २.६ मीटर केली. लक्षात घेण्याची गोष्ट पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डच सैनिकांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणजे आज आपली आहे तितकीच. दूध, स्वच्छ पाणी, औषधोपचार आणि बऱ्यापैकी समान वाटणी यांनी त्या देशाला सहा फुटांवर नेलं. आपल्या पोरांना पोटभर मिळालं तर ती बापापेक्षा उंच होणारच आहेत. तेव्हा त्यांना बसायला बाक कुठला देणार?

आपल्या महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्याच्या कुलकर्णी कुटुंबाचं. शरद कुलकर्णी सात फूट दीड इंच, पत्नी संजोत सहा फूट अडीच इंचांच्या वर. १९८९ मध्ये देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून लिम्का बुकात त्यांची नोंद झाली. मृगा आणि सान्या या दोन्ही मुली सहा फुटांच्या पुढे गेल्या. चौघांची उंची मिळून जवळजवळ २६ फूट. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो कौतुकाने छापून आले. त्याच बातम्यांत हेही आलं होतं की पाय मावत नाहीत म्हणून हे कुटुंब सार्वजनिक वाहनांनी फिरू शकत नाही, स्कूटरवर फिरतं. वाचकांनी फोटो पाहिला आणि पान उलटलं. बसच्या आसनाचा प्रश्न त्या पानावरच राहिला.

उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडच्या धर्मेंद्र प्रताप सिंह यांची कथा आणखी बोलकी आहे. उंची आठ फुटांच्या वर, शिक्षण एम.ए. तरीही नोकरी मिळत नाही, लग्न जमत नाही, असं ते पत्रकारांना सांगत राहिले. रस्त्यावर लोक फक्त फोटोसाठी गर्दी करायचे. २०१९ मध्ये अहमदाबादला त्यांच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२२ च्या निवडणुकीआधी समाजवादी पक्षाने त्यांना पक्षात घेतलं, तेव्हाही बातमी त्यांच्या विचारांची नव्हती, उंचीचीच होती. माणूस जितका जास्त दिसतो तितका कमी ऐकला जातो, असं मला या बातम्या वाचताना वाटत आलं आहे.

आणि माप चुकलं तर गोष्ट कुठवर जाते, हे पाहायचं असेल तर अमेरिकेच्या रॉबर्ट वॅडलोचं नाव घ्यावं लागेल. नोंद असलेल्या इतिहासातला हा सर्वांत उंच माणूस, २.७२ मीटर. त्याला चालायला पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या लागत. एक पट्टी नीट न बसल्याने घोट्याला घासली, फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि १५ जुलै १९४० रोजी तो गेला. वय २२. त्याला पाहायला हजारो लोक जमत असत. त्याच्या घोट्याकडे मात्र वेळेत कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उंच पुरुषाला फायदे मिळतात. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की उंच पुरुषांना सरासरीने पगार थोडा जास्त मिळतो, लोक त्यांना नेता म्हणून लवकर स्वीकारतात. आपल्याकडेही अमिताभ बच्चन यांच्यानंतर उंच असणं ही चांगली गोष्ट ठरली. मी वर्गात शिरलो की आवाज न चढवता शांतता होते. गर्दीत माझी मुलं मला लांबून शोधतात. पोलीस भरतीत माझ्यासारख्याला उंचीची चिंता नसते. तिथे पुरुषांसाठी किमान अट १६५ सेंटिमीटरची आहे. अर्थात याची उलट बाजूही आहे. हवाई दलात वैमानिक व्हायचं तर पायाची, मांडीची आणि बसल्यावरच्या उंचीची कमाल मर्यादा आहे, कारण कॉकपिटच तेवढं. पण एकंदर हिशेबात उंच पुरुष नफ्यात आहे, हे मी मान्य करतो.

उंच मुलीचं तसं नाही. जी उंची मुलाच्या बायोडेटात वरच्या ओळीत लिहितात, तीच मुलीच्या घरात काळजी बनते. ‘हिच्या जोडीचा पोरगा आणायचा कुठून?’ आठवी-नववीत अचानक वाढलेली मुलगी मी वर्गात दरवर्षी पाहतो. ती खांदे पुढे घेऊन चालते, ओढणी घट्ट ओढते, फोटोत मागच्या रांगेत गुडघे वाकवून उभी राहते. तिच्या पाठीला बाक येतो तो हाडांमुळे नाही, लोकांच्या बोलण्यामुळे येतो. नवरा बायकोपेक्षा उंचच हवा हा नियम कुठल्या धर्माने घातलेला नाही आणि कुठल्या कायद्यानेही नाही. आपण तो फोटोसाठी पाळतो. घरातल्या मोठ्यांनी एवढं एक वाक्य जरी गिळलं, ‘आता बस कर वाढणं’, तरी पुष्कळ मुली सरळ चालतील.

आणि आता शाळा. आपल्या शाळांत मुलांना उंचीप्रमाणे बसवायची रीत आहे. बुटकी मुलं पुढे, उंच मागे. यामागचा विचार चुकीचा नाही, कारण मागच्याला फळा दिसला पाहिजे. पण याचा परिणाम काय होतो ते मोजून बघा. जो पोरगा पहिलीत वर्गात सर्वांत उंच आहे, तो बहुधा दहावीतही उंचच असतो. म्हणजे दहा वर्षं तो शेवटच्या बाकावर. शिक्षकाचा आवाज तिथवर पोहोचेपर्यंत विरतो, वही तपासायला शिक्षक तिथे उशिरा पोहोचतो, प्रश्न पुढच्या तीन बाकांत फिरतात. त्याची नजर कमजोर झाली तर ते कळायलाही दोन वर्षं जातात. मग आपणच त्याला ‘बॅकबेंचर’ म्हणतो. त्याने तो बाक निवडलेला नसतो, त्याच्या हाडांनी निवडलेला असतो.

त्यात बाकाचं माप. आठवीपासून दहावीपर्यंत बाक एकच. त्याच बाकावर साडेचार फुटांची मुलगी बसते आणि सहा फुटांचा मुलगाही. मुलीचे पाय लोंबकळतात, मुलाचे गुडघे फळीला खालून लागतात. तो मुलगा तिरका बसतो, पाय बाहेर काढतो, सतत हलतो आणि ‘वर्गात स्वस्थ बसत नाही’ असा शेरा त्याच्या नावावर पडतो. तोच मुलगा पुढे ‘लातूर पॅटर्न’च्या आशेने क्लासला जातो. तिथे एका खोलीत जास्तीत जास्त मुलं मावावीत म्हणून बाकं आणखी जवळजवळ असतात आणि हॉस्टेलची खाट सहा फुटांची. दोन वर्षं, दिवसाला बारा-चौदा तास. नीटच्या पेपरला तीन तास बसायचं ते पुन्हा कुठल्या तरी शाळेच्या बाकावर. एकेका गुणाने हजारो क्रमांक पुढे-मागे होणाऱ्या परीक्षेत दुखऱ्या पाठीची किंमत किती, हा हिशेब कुणीच मांडत नाही.

युरोपात शाळेच्या टेबल-खुर्च्यांसाठी प्रमाण मापं ठरलेली आहेत. शून्यापासून सातपर्यंत अशी आठ मापं, प्रत्येकाला वेगळा रंग. शेवटचं माप १७४ ते २०७ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी. रंग पाहून मूल आपली खुर्ची ओळखतं. आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणण्याआधी एक गोष्ट आठवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं आणि प्रत्येक मुलाची उंची व वजन नोंदवतं. म्हणजे माप घेण्याचं काम सरकार करतंच. ते माप रजिस्टरमध्ये पडून राहतं आणि बाकांची मागणी नोंदवताना ते रजिस्टर कुणी उघडत नाही.

त्याच रजिस्टरचा आणखी एक उपयोग आहे आणि तो जीवावरचा आहे. बहुतेक उंच मुलं निरोगी असतात, आईबापाकडून उंची घेऊन आलेली असतात. पण एखादं मूल वर्षभरात बेसुमार वाढलं, हातापायाचे पंजे मोठे झाले, डोकं दुखतं किंवा कडेचं दिसत नाही म्हणू लागलं, तर ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचं लक्षण असू शकतं. जगातला सध्याचा सर्वांत उंच पुरुष, तुर्कस्तानचा सुलतान कोसेन, २५१ सेंटिमीटरवर गेला तो अशाच गाठीमुळे. २०१० मध्ये अमेरिकेत उपचार झाले तेव्हा कुठे त्याची वाढ थांबली. तसंच मूल उंच, किडकिडीत, बोटं लांब, पसरलेले हात उंचीपेक्षा जास्त आणि चष्मा जाड असेल, तर एकदा हृदयाची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेची सहा फूट पाच इंचांची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि गेली. तिला मार्फान सिंड्रोम होता, हृदयाची महाधमनी फाटली होती, हे नंतर कळलं. ‘उंच आहेस, बास्केटबॉल खेळ’ हा सल्ला देण्याआधी एवढी तपासणी झालेली बरी.

माझ्या बोलण्यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, ज्या राज्यात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ३५ मुलांची वाढ खुंटलेली आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तिथे तुम्ही सहा फुटी माणसाच्या गुडघ्यांचं काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर इतकंच की हा प्रश्न एकच आहे. ज्या व्यवस्थेला खुंटलेलं मूल दिसत नाही, त्याच व्यवस्थेला बाकात न मावणारं मूलही दिसत नाही, कारण दोघांचं माप घेऊन ती ते विसरते.

शिवाय मापाची मागणी फक्त उंच माणसाची नाही. २०१८ मध्ये इजिप्तमध्ये सुलतान कोसेन आणि आपल्या नागपूरच्या ज्योती आमगे यांचा पिरॅमिडसमोर फोटो काढला गेला. ज्योती जगातल्या सर्वांत कमी उंचीच्या स्त्री, ६२.८ सेंटिमीटर. जगाने तो फोटो गंमत म्हणून पाहिला. मला त्यात दोन साक्षीदार दिसतात. एकाला दार बुटकं, दुसऱ्याला त्याच दाराची कडी उंच. बसची पायरी आजीला उंच पडते, स्विच व्हीलचेअरवरच्या माणसाला लांब पडतो, गरोदर बाईला आसन अरुंद पडतं, डावखुऱ्या मुलाला लिहायची फळी उजवीकडे मिळते. या सगळ्यांत उंच पुरुषाचं दुःख सर्वांत हलकं आहे आणि त्याचं कौतुक सर्वांत जास्त होतं. म्हणूनच बोलायची जबाबदारी त्याची जास्त आहे. त्याचं ऐकायला लोक निदान मान तरी वर करतात.

मागणीही फार मोठी नाही. मी माझ्या वर्गात दर सोमवारी बाकांची जागा बदलतो. उंच मुलं कडेच्या रांगेने पुढे येतात, त्यामुळे कुणाचा फळा अडत नाही. केरळमध्ये २०२५ मध्ये एका मल्याळम सिनेमावरून प्रेरणा घेऊन काही शाळांनी बाकं अर्धगोलात मांडली आणि शेवटचा बाकच संपवला. साठ-सत्तर मुलांच्या आपल्या वर्गात अर्धगोल जमणार नाही, पण आठवड्याची फिरती जमते. तिला एक रुपयाही लागत नाही. दुसरं, प्रत्येक वर्गात चार बाक उंच आणि चार बुटके असावेत. लोखंडी बाकाच्या पायांना चार-चार इंचांचे पाइप जोडून घेणं हे गावातल्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याचं काम आहे. तिसरं, हॉस्टेल चालवणाऱ्यांनी दर दहा खाटांमागे एक खाट साडेसहा फुटांची घ्यावी. बस बनवणाऱ्यांनी दाराजवळची दोन आसनं मोकळ्या जागेची ठेवावीत; त्यांवर उंच माणूस बसेल, गुडघे दुखणारी म्हातारी बसेल, लेकुरवाळीही बसेल.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होईल. या समितीत पालकच जास्त असतात. रंगरंगोटी, स्नेहसंमेलन, पाण्याची टाकी यांच्यासोबत एक विषय आणखी मांडा: आरोग्य तपासणीचं रजिस्टर मागवा, वर्गातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पाच-पाच मुलांची नावं काढा आणि ती सध्या कुठल्या बाकावर बसतात ते जाऊन बघा. पाहायला दहा मिनिटं लागतील.